नापास गाड्यांचा नारळ

डोंबिवली पूर्वेला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे, त्या घरमालकांनी खोली देण्याआधी मला एकच प्रश्न विचारला. तोवर माझी चार-पाच घरं पाहून झाली होती आणि घरमालकांच्या प्रश्नांना मी सरावले होते. मासे करतेस का, मित्र येतात का, लग्नाचं काय ठरवलंयस, आडनाव काय म्हणालीस, परत सांग. या गृहस्थांनी यातलं काहीही विचारलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "चारचाकी चालवता येते का?"

मला वाटलं पार्किंगची काहीतरी भानगड असेल. मी सांगितलं की माझ्याकडे गाडी नाही. त्यावर ते जरा वैतागले, कारण गाडी आहे का असं त्यांनी विचारलंच नव्हतं. मग मी सांगितलं की माझे वडील फलटणकडे वडापची जीप चालवायचे, गावोगावची माणसं भरून तालुक्याला न्यायचे-आणायचे, आणि मी कॉलेजात जायच्या आधीपासून त्या जीपच्या स्टिअरिंगवर बसलेली आहे. काकांनी, म्हणजे घरमालकांनी, लायसन्स मागितलं, खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, आणि स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, मिळाली." आत काकूंनी चहाचं आधण ठेवलं. खोली माझी झाली.

पुढच्या रविवारी दूधवाला येऊन जायच्या आत दारावर टकटक झाली. काका इस्त्रीचा बुशशर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन उभे. ठाण्याला एक गाडी पाहायला जायचं आहे म्हणाले, आणि मी केस विंचरेपर्यंत जिन्यात घड्याळ बघत थांबले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मला भाडेकरू म्हणून नव्हे, चालक म्हणून निवडलेलं आहे.

काकांना स्वतःला गाडी येत नव्हती. कधी शिकले नाहीत. सायकलवरून उतरायलासुद्धा म्हणे त्यांना शेजारी भिंत लागायची. पण जुनी, लहान गाडी घ्यायची म्हटलं की आमच्या आसपासच्या चार सोसायट्यांतली माणसं आधी त्यांच्याकडे यायची. ते आनंदाने जायचे, गाडीभोवती प्रदक्षिणा घालायचे, आणि ती नापास करून यायचे. लोक त्यांना मान द्यायचे खरे, पण त्यांच्या सल्ल्याने कोणी गाडी घेतल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं. गाडी घ्यायची नाही असं मनातून ठरवलेल्या माणसांना त्यांचा फार उपयोग व्हायचा.

रविवारची फेरी मात्र लोकांसाठी नसायची. ती त्यांच्या स्वतःच्या गाडीसाठी असायची, आणि खरं सांगायचं तर काकूंसाठी.

काकूंचं माहेर गुहागरच्या अलीकडे. तिथे त्यांचे थोरले भाऊ, दादा, एकटेच राहायचे. काकूंना एसटी लागायची. लागायची म्हणजे साधी नाही, ठाण्याला खोपटच्या डेपोतून गाडी सुटून कळव्याचा पूल येईतो त्यांचा चेहरा पिवळा पडायचा, असं काका सांगायचे. वय वाढलं तसं ते सोसेना, आणि माहेरी जाणं थांबलं. एकदा भाड्याची गाडी करून पाहिली, तर त्या गाडीत ड्रायव्हरने टांगलेल्या अत्तराच्या बाटलीनेच घात केला आणि पनवेलवरून परत यावं लागलं. फक्त एकदा, भाच्याच्या गाडीत पुढच्या सीटवर काच खाली करून बसल्या, तेव्हा त्यांना काही म्हणता काही झालं नाही. काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी शब्द दिला की आता आपली गाडी घ्यायची, तुला पुढे बसवायचं आणि दादांकडे न्यायचं. मी राहायला गेले तेव्हा त्या शब्दाला कित्येक वर्षं झाली होती. दादांचा रोज संध्याकाळी फोन यायचा, आणि काकू रोज सांगायच्या की हे बघतायत, मिळेल आता.

आता त्या कापडी पिशवीबद्दल. तिच्यात एक टॉर्च असायचा, काकूंच्या फ्रिजवरचं भेंडीच्या आकाराचं लोहचुंबक असायचं, हळदीकुंकवाची पुडी असायची आणि एक नारळ असायचा. काकांचा नियम असा की गाडी पसंत पडली तर टोकन वगैरे सगळं नंतर, आधी जागेवर नारळ फोडायचा. नारळ फुटला की शब्द दिला. त्यामुळे प्रत्येक फेरीला नवा नारळ जायचा आणि दुपारी तसाच, शेंडीसकट परत यायचा. मग काकू विळी काढून बसायच्या. आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी दुपारी खोबरं खवल्याचा आवाज आला की खालच्या मजल्यावरची माणसं म्हणायची, आजचीही नापास झाली वाटतं. मला तक्रार करायचं कारण नव्हतं. नारळीभात, सोलकढी, ओल्या खोबऱ्याच्या करंज्या, गाड्यांच्या जिवावर मी त्या घरात काय काय खाल्लं ते सांगितलं तर दृष्ट लागेल.

गाडी पाहायची त्यांची पद्धत अशी. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार नाहीत, आधी सरळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवायचा. बॉनेट गरम लागलं की परत फिरायचं. गाडी आधीच चालू करून ठेवली म्हणजे मालकाला माहीत आहे की ती गार असताना एका दमात उठत नाही. "बॉनेट गरम, मालक पक्का," एवढंच बोलून ते रिक्षा बघायला लागायचे. बॉनेट गार लागलं तर पुढची तपासणी. भेंडी पत्र्यावर फिरवायची, जिथे चिकटणार नाही तिथे रंगाखाली पुट्टी आहे. मग पायाखालचं रबर उचलून खालच्या कापडाचा वास घ्यायचा. डिकीतलं जादा चाक काढायला लावून त्या खळग्यात टॉर्च मारायचा. आणि मालकाने कितीही आग्रह केला तरी चहा घ्यायचा नाही. चहा प्यायला की नाही म्हणायला जीभ रेटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. उन्हातान्हात तासभर घसा कोरडा करून घ्यायचे, पण कप हातात धरायचे नाहीत, आणि त्यामुळे मलाही मिळायचा नाही.

शेवटी मी गाडी चालवायची आणि त्यांनी मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचं. पुढे बसलं की डोळे खातात आणि कानांना काही उरत नाही, असं ते म्हणायचे. मी गिअर बदलला की मागून "हं" असा एक आवाज यायचा. त्या "हं"चे प्रकार मला हळूहळू कळायला लागले. लांबलेला "हं" म्हणजे क्लच. तुटक "हं" म्हणजे पुढचं उजवं चाक.

कल्याणला पुलाखाली एक जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. त्याच्याकडे चकचकीत लाल गाडी उभी. बॉनेट गार, भेंडी चिकटते आहे, सीटकव्हर नवी कोरी. व्यापारी म्हणाला, "काका, एक नंबर पीस आहे. डॉक्टरची गाडी. फक्त दवाखान्यात गेली आणि आली." काकांनी पुढच्या सीटचा पट्टा धरला आणि विहिरीतून दोर काढावा तसा ओढत गेले. आपण पट्टा पोटाला लावण्यापुरता ओढतो, शेवटपर्यंत कोण ओढतं? अगदी तळाच्या वितीवर वाळलेल्या चिखलाची एक रेघ होती. त्यांनी पट्टा सोडून दिला, तो सरसर आत गेला. मग शांतपणे विचारलं, "हिला पोहायला कुठे शिकवलंत? खाडीत का?" व्यापाऱ्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग हसू लागला. जाताना त्याने काकांना मोठ्या आदराने नोकरी देऊ केली. काका रिक्षात बसल्यावर म्हणाले की त्या माणसाची भिंतही पुट्टीवर उभी दिसते.

माणूस इतका नन्नाचा पाढा का लावतो, हे मला काकूंकडून कळलं. काकांनी सारा जन्म एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात काढला होता. समोर नमुने यायचे, ते पास करायचे किंवा नापास. तरुणपणी एकदा त्यांनी एक लाल रंग पास केला आणि भिवंडीच्या एका कापडवाल्याच्या सगळ्या चादरी पहिल्याच धुण्यात गुलाबी झाल्या. साहेबाने एक गुलाबी चादर आणून त्यांच्या टेबलावर अंथरली आणि आठवडाभर तिथेच राहू दिली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण काकांनी ताक सोडूनच दिलं. "नापास करणाऱ्याला कोणी विचारत नाही," ते मला सांगायचे, "पास करणाऱ्याची सही शोधत येतात."

काकूंची त्यावर वेगळी टिप्पणी होती. नारळ खवता खवता त्या म्हणाल्या, "आयुष्यात दोनदाच हो म्हणालेत हे. एकदा त्या लाल रंगाला आणि एकदा मला. तेव्हापासून घाबरलेत." काका पेपरमागून म्हणाले की चादरींचा निकाल निदान पहिल्या धुण्यात तरी लागला. मला वाटलं आता भांडण होणार, तर काकू विळीवरून पडतील इतक्या हसत होत्या.

हा नापास करण्याचा रोग गाड्यांपुरता नव्हता. ते दूध नापास करायचे, हापूस नापास करायचे, सोसायटीच्या भिंतींचा रंग त्यांनी दोनदा नापास केला होता, म्हणून आमची बिल्डिंग तीन छटांची होती. डोंबिवलीची हवा तर ते रोजच नापास करायचे. सकाळी गॅलरीत उभं राहून एकदा खोल श्वास घ्यायचे आणि आज कोणत्या बाजूच्या युनिटने काय सोडलंय ते सांगायचे. काकू म्हणायच्या, बरं मग आता श्वास घेऊ की नको तेवढं सांगा.

आणि त्यांचं सगळंच बरोबर यायचं असंही नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एक चंदेरी गाडी काकांचं न ऐकता घेतली होती. हिचं इंजिन पावसाळा बघणार नाही, असं काकांनी भाकीत केलं होतं. त्या गाडीने पुढे किती पावसाळे बघितले कोण जाणे. रोज सकाळी ती फाटकातून बाहेर पडली की काका गॅलरीतून तिच्याकडे बघायचे आणि खोल दुःखाने म्हणायचे, "अजून चालते आहे."

मला त्यांचा राग यायचा तो एकाच वेळी. संध्याकाळी दादांचा फोन आला आणि काकू "मिळेल आता" म्हणाल्या की. तेव्हा काका काहीतरी वाचत असल्याचं दाखवायचे. मी एकदा सरळ म्हटलं, काका, दहा वर्षांच्या गाडीत दोष निघणारच ना. ते म्हणाले, "दहा वर्षांची गाडी म्हणजे पन्नाशीचा माणूस. बीपी असणार, मान्य. साखर किती ते बघायचं." मग म्हणाले की घाटात गाडी मध्येच बंद पडली आणि तुझी काकू उन्हात रस्त्यावर उभी राहिली तर मी तिला काय सांगू. ते मात्र चेष्टेत म्हणत नव्हते.

आता खोपटची गोष्ट.

त्या रविवारी काकूंनी एक चूक केली. त्यांना नारळाच्या वड्या करायच्या होत्या आणि दुपारपर्यंत थांबायला वेळ नव्हता. गाडी नापास होणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ होतं. म्हणून त्यांनी पहाटेच पिशवीतला नारळ काढून फोडला, आणि पिशवी हलकी लागू नये म्हणून आत थालीपिठांचा डबा ठेवला. आम्ही ती पिशवी घेऊन खोपटला एसटी डेपोच्या मागे एका बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांकडे पोचलो.

गाडी जुन्या सोलापुरी चादरीखाली झाकून ठेवली होती. बॉनेट गार. भेंडी जागोजाग चिकटली. पट्टा शेवटपर्यंत स्वच्छ. काकांनी डिकीत डोकं घातलं, गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपले, तेलाचं झाकण उघडून आत पाहिलं, आणि मागच्या सीटवर डोळे मिटून बसले. मी डेपोला वळसा घालून ठाणे स्टेशनच्या रस्त्यापर्यंत जाऊन आले. मागून एकही "हं" आला नाही. परत आल्यावर त्या गृहस्थांनी चहा विचारला आणि काका हो म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर ते गाडीपाशी गेले, तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिले, आणि त्यांनी पिशवीत हात घातला.

बाहेर आला थालीपिठांचा डबा.

मी म्हटलं, काका, टोकन द्या आणि मोकळे व्हा, नारळ संध्याकाळी फोडू. पण नाही. आधी नारळ, मग टोकन. मला तिथेच थांबायला सांगून ते नारळ आणायला गेले. नारळवाला कोपऱ्यावरच होता. म्हणजे जाऊन यायला किती वेळ लागावा? पण हे नारळ घेणार म्हणजे कसे घेणार, ते आता तुम्हालाही ठाऊक आहे. त्यांनी म्हणे ढिगातला एकेक नारळ कानाशी धरून हलवला. एकात पाणी कमी, एकाचा डोळा ओला, एकाला बारीक तडा. तेवढ्यात इकडे एक जोडपं आलं. बाई पुढच्या सीटवर बसली, आरशात पाहून तिने केस नीट केले आणि म्हणाली, छान आहे. नवऱ्याने टोकन काढून दिलं. मी काकांना फोनवर फोन लावत होते, पण त्यांच्या कानाशी नारळ होता.

ते परत आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं समाधान होतं. "हा बघ," म्हणाले, "ठाण्यात याच्यापेक्षा चांगला नारळ नाही." मग त्यांनी चादरीची घडी करत असलेल्या त्या गृहस्थांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

घरी येईपर्यंत तो नारळ त्यांनी मांडीवर धरून ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच काकूंना सगळं सांगितलं. वड्या ताटात थापलेल्या होत्या. त्या दिवशी त्या कोणीच खाल्ल्या नाहीत. संध्याकाळी काकूंनी तो खोपटचा नारळ पिशवीत परत ठेवला आणि सांगितलं की आता हा माझ्या विळीवर यायचा नाही. गाडीसमोरच फुटेल, तोवर आहे तिथे राहील.

तेव्हापासून रविवारी खोबरं खवल्याचा आवाज बंद झाला. तोच नारळ आमच्याबरोबर कल्याणला गेला, मुरबाड रोडला गेला, कळव्याला गेला, वागळे इस्टेटला दोनदा गेला. थंडी सरली, उन्हाळा आला. काका अधूनमधून तो बाहेर काढून गोंजारायचे. खोपटच्या गाडीनंतर त्यांच्या नजरेत कुठलीच गाडी भरेना. पूर्वी तासभर बघून नापास करायचे, आता फाटकातूनच करायला लागले. पावसाच्या सुमाराला दादा पडवीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण काठी आली. त्या संध्याकाळी फोनवर काकू नुसत्याच ऐकत होत्या. "मिळेल आता" त्या म्हणाल्या नाहीत. फोन ठेवून म्हणाल्या, "या रविवारी मी येणार आहे."

काकांनी सांगून पाहिलं की तिला त्यातलं काय कळणार. काकू नवीन साडी नेसल्या.

गाडी डोंबिवलीतच होती, एमआयडीसीच्या निवासी भागात. मालकीण शाळेत शिक्षिका, बदली होऊन पुण्याला निघालेली. निळी, लहान, पाच दरवाज्यांची गाडी. बॉनेट गार होतं. भेंडी डाव्या दरवाजावर चिकटेना. बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "आमचं गेट अरुंद आहे हो काका. दोनदा घासली, मग रंगवून घेतली." काकांनी मान हलवली आणि बोटांवर दोष मोजायला सुरुवात केली. दरवाजा रंगवलेला. टायर जुने. क्लच जड. आरशाचा एक नट नंतर बसवलेला. एसीतून पहिली दोन मिनिटं कुबट वास.

काकूंनी यातलं काही ऐकलं नाही. त्या पुढचं दार उघडून बसल्या, काच पूर्ण खाली केली आणि मला म्हणाल्या, चालव. कुठे जायचं विचारलं तर म्हणाल्या, जिथे वळणं असतील तिथे. मी त्यांना सगळ्या खड्ड्यांतून, गतिरोधकांवरून, गल्लीबोळांतून फिरवलं. कारखान्यांच्या मागच्या रस्त्याला नेलं, जिथे नाक धरावं लागतं. मागच्या सीटवरून "हं" येत होते, लांब, तुटक, सगळ्या प्रकारचे. काकू समोर बघत होत्या. परत फाटकाशी आलो तेव्हा त्या खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मळमळलं नाही. हीच घ्यायची."

काकांनी टायरचं पुन्हा सांगितलं. काकू म्हणाल्या टायर बदलू. क्लचचं सांगितलं. काकू म्हणाल्या, पाय तिचा आहे, तुमचा नाही. मी म्हटलं, माझ्या पायाला चालेल. काकांनी गाडीभोवती आणखी एक प्रदक्षिणा घातली. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला, कुंकू लावलं, आणि सवयीप्रमाणे तो कानाशी न्यायला लागले. काकूंनी त्यांच्या हातातून तो घेतला आणि फाटकाच्या दगडावर आपटला.

नारळ नासका निघाला.

आत काळपट खोबरं, आणि वास असा की शिक्षिका बाई दोन पावलं मागे सरल्या. मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर तो शब्द तयार होत होता, मला दिसत होतं. नवी गाडी, आणि पहिलाच नारळ नासका. दुसऱ्या कोणाचीही पाचावर धारण बसली असती, आणि यांना तर नुसतं निमित्त हवं होतं. मला दादांची काठी आठवली आणि रडू फुटेल असं वाटलं.

काकूंनी बाईंकडे पाणी मागितलं. सावकाश हात धुतले. पदराला पुसले. मग काकांकडे वळून म्हणाल्या, "नारळ तुम्ही निवडलेला. गाडी मी निवडली आहे."

आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

काका फाटकाशी उभे होते. त्यांनी दगडावरच्या त्या करवंट्यांकडे पाहिलं, ठाण्यातल्या सगळ्यात चांगल्या नारळाकडे. मग मागचं दार उघडून आत बसले आणि मला म्हणाले, बाईंना कागदांचं विचार. त्यांचा आवाज बारीक झाला होता. बाईंनी मात्र आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही, आणि काकांनी तो दोनदा घेतला.

पावसाळा संपल्यावर आम्ही गुहागरला निघालो. टायर नवे टाकले होते. काकूंनी पुढच्या सीटवर मांडीवर आवळासुपारीची डबी ठेवली होती, पण ती उघडावी लागली नाही. त्यांना जिथे वाटेल तिथे गाडी थांबवायची होती, हीच मुळी त्यांची जन्मभराची हौस. एसटी कंडक्टरच्या मर्जीने थांबायची. आम्ही कोकम विकणाऱ्या बाईपाशी थांबलो, एका पुलावर नुसतं पाणी बघायला थांबलो, आणि एका ठिकाणी तर काहीच कारण नसताना थांबलो. घाट लागला तेव्हा मी दर वळणाला त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होते. "माझ्याकडे काय बघतेस, पुढे बघ," त्या म्हणाल्या. मागे काका डोळे मिटून बसले होते. घाट उतरेपर्यंत त्यांच्या तोंडून काही आलं नाही. मला वाटलं झोपले, पण त्यांच्या हाताची मूठ पुढच्या सीटच्या पाठीला घट्ट धरून होती.

दादा अंगणात काठी टेकून उभे होते. किती वेळ उभे होते देव जाणे. काकू उतरल्या आणि भावाच्या पाया पडायला वाकल्या, तर दादांनी त्यांना मध्येच धरलं आणि दोघंही तशीच थांबली. मी उगाच आरसे मिटवत बसले. थोड्या वेळाने दादांनी डोळे पुसले आणि, पुरुषमाणूस रडल्यावर काहीतरी कामाचं बोलतो तसं, काठी टेकत गाडीभोवती फिरायला लागले. डाव्या दरवाजाशी थांबले. काठीने हळूच टकटक केलं.

"हे दार नंतर रंगवलेलं दिसतंय," म्हणाले. "नीट पाहून घेतलीत ना?"

मी काकांकडे पाहिलं. दार, क्लच, नट, कुबट वास, सगळी यादी त्यांना तोंडपाठ होती, आणि ऐकायला समोर जाणकार माणूस मिळाला होता. काका गाडीच्या पुढे गेले. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. दिवसभर चालून आलेलं बॉनेट चांगलं तापलेलं होतं. हात त्यांनी काढला नाही.

"पाहून घेतली आहे," ते म्हणाले. "गाडी उत्तम आहे."

काकू पायरीवर थांबल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं.

दादांनी घरच्या झाडाचा एक नारळ आधीच सोलून शेंडी ठेवून तयार ठेवला होता, बहीण पहिल्यांदा स्वतःच्या गाडीने आली म्हणून गाडीवरून ओवाळायला. तो त्यांनी काकांच्या हातात दिला. काकांचा हात कानाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो न हलवता गाडीवरून ओवाळला आणि अंगणातल्या दगडावर फोडला. आतून कसा निघाला ते पाहायलाही ते थांबले नाहीत. काकूंची पिशवी उचलून त्यांच्या मागून घरात गेले.